बंदुकीचे माप आणि पोराचा खांदा

मंडळी, वणी, केळापूर, पुसद, उमरखेड या बाजूच्या जुन्या माणसांना एक प्रश्न चांगला ओळखीचा असेल. घरात परवान्याची बंदूक आहे, पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला आहे, बापाच्या मागोमाग वावरात जागलीला जाऊ लागला आहे. आता त्याच्या हाती बंदूक द्यायची तर कोणती द्यावी? बारा बोरची, सोळा बोरची, की वीस बोरची?

आज हा प्रश्न व्यवहारात उरलेला नाही. शिकारीला कायद्याने बंदी आहे आणि पोराच्या हाती बंदूक देणे हाही गुन्हा आहे. तरीसुद्धा या प्रश्नाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. त्यात गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, इंग्रजी अमलाचा संशय आहे आणि शेतकऱ्याच्या उभ्या पिकाची काळजीही आहे. शिकाऊ शिकाऱ्याची बंदूक त्याच्या खांद्याला पेलेल अशी असावी, हे शहाणपण जगात फार जुने आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र बंदुकीचे माप पोराच्या खांद्यावरून क्वचितच ठरले. ते ठरविले सरकारच्या परवान्याने आणि बापाच्या खिशाने. हे कसे घडले, ते आज पाहू.

प्रथम 'बोर' म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या बांधावरच्या बोरीशी त्याचा काही संबंध नाही, बरं का! हा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ बंदुकीच्या नळीचे आतले भोक. पण गंमत अशी, की हे भोक इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगत नाहीत. ते वजनात सांगतात. एक पौंड शुद्ध शिसे घ्यावे आणि त्याच्या अगदी सारख्या बारा गोळ्या ओताव्यात. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोरची. त्याच पौंडाच्या सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होईल. ती बसेल ती नळी सोळा बोरची. वीस केल्या तर वीस बोरची. म्हणून आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते, पण तोफा-बंदुकांच्या जुन्या जमान्यात गोळ्या घरीच ओतत आणि शिसे तोलूनच घेत. तोलाचा आकडा हेच त्या लोकांचे सोयीचे माप होते.

गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. आपल्या जुन्या मापात सुमारे ३९ तोळे, म्हणजे अर्ध्या शेराला किंचित कमी. त्याला बाराने भागले तर ३७.८ ग्रॅम येतात, म्हणजे सव्वातीन तोळ्यांची एक गोळी. सोळाने भागले तर २८ ग्रॅमच्या वर थोडे, जवळजवळ अडीच तोळे. विसाने भागले तर २२.७ ग्रॅम, दोन तोळ्यांना थोडे कमी. आता नळीचा व्यास पाहा. बारा बोरचा १८.५ मिलिमीटर, सोळाचा १६.८, विसाचा १५.६. बारा आणि वीस यांच्या व्यासात तीन मिलिमीटरांचाही फरक नाही, पण गोळीच्या वजनात दीडपटीहून जास्त फरक पडतो. असे का? कारण गोळ्याचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. घनाचा नियम मुलांच्या डोक्यात बसवायला याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

या कुटुंबात एक बंदूक मात्र वेगळ्या गोत्राची आहे. तिला 'चारशे दहा' म्हणतात. हा गोळ्यांचा आकडा नाही. हा इंचाच्या हजाराव्या भागात सांगितलेला व्यास आहे. ४१० हजारांश इंच म्हणजे १०.४ मिलिमीटर. तोलाच्या हिशेबाने ती सुमारे ६७ बोरची होईल. ही सगळ्यांत बारीक, सगळ्यांत हलकी आणि दिसायला खेळण्यासारखी. म्हणून पोराला हीच द्यावी, असे पुष्कळांना वाटे.

आता पोराच्या खांद्याकडे येऊ. नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरकते, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. छर्रे पुढे जातात तेव्हा बंदूकही तशीच मागे येते आणि खांद्यावर धक्का देते. बारा बोरच्या साध्या काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे असतात. बंदूक ३ किलोची धरली तर ती छर्ऱ्यांच्या शंभरपट जड झाली. म्हणजे छर्रे ज्या वेगाने पुढे जातात, त्याच्या निदान शंभराव्या हिश्श्याने बंदूक मागे येणार. दारूच्या वायूचा जोर त्यात आणखी भर घालतो. छर्ऱ्यांचा वेग सेकंदाला पावणेचारशे मीटरांच्या आसपास असतो. त्याचा शंभरावा हिस्सा म्हणजे धावत्या माणसाचा वेग. ३ किलोचे लोखंड आणि लाकूड त्या वेगाने खांद्यावर आदळले, तर मोठा माणूस सोसतो. कोवळ्या हाडाचे पोर कळवळते.

यावर दोनच उपाय. बंदूक जड करा, नाही तर छर्रे कमी करा. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या नावाजलेल्या इंग्रज बंदूककाराच्या नावाने एक अंगठेनियम सांगतात, की बंदूक छर्ऱ्यांच्या ९६ पट जड असावी. ३० ग्रॅम छर्ऱ्यांना त्या हिशेबाने २ किलो ८८० ग्रॅमची बंदूक हवी. पण पोराच्या हाताला इतका भार पेलत नाही. नळीचे टोक खाली झुकते, नेम चुकतो. वीस बोरच्या काडतुसात छर्रे सुमारे २३ ग्रॅम. त्यांना सव्वादोन किलोची बंदूक पुरते. धक्का आटोक्यात राहतो आणि हातही थकत नाहीत. म्हणून जिथे निवडायची मुभा होती, तिथे जाणती माणसे शिकाऊ पोरासाठी वीस बोर किंवा त्याहून बारीक अठ्ठावीस बोर पसंत करीत. शिवाय दस्ता पोराच्या हाताच्या मापाने कापून आखूड करीत. दस्ता लांब असला तर तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर बसतो, आणि मग हलकी बंदूकही लागते.

तर मग सगळ्यांत बारीक 'चारशे दहा' का नको? इथेच खरी मेख आहे. तितरावर वापरायचे सहा नंबरचे छर्रे घेतले, तर बारा बोरच्या काडतुसात ते पावणेतीनशेच्या वर बसतात. 'चारशे दहा'च्या आखूड काडतुसात सव्वाशेसुद्धा बसत नाहीत. पण हवेत त्यांचा फैलाव होतो तो जवळजवळ तेवढाच. चाळणी तेवढीच मोठी, फक्त भोके मोठी झाली असे समजा. मधल्या मोकळ्या जागेतून पाखरू निसटते, नाही तर एखाद-दुसरा छर्रा लागून जखमी होते आणि झुडपात जाऊन तडफडत मरते. म्हणजे जी बंदूक पोराची म्हणून घ्यायची, ती खरे तर मुरलेल्या नेमबाजाची बंदूक! धक्क्याने पोर घाबरू नये आणि जनावर अर्धमेले होऊ नये, या दोन गोष्टींचा मेळ घालणे हेच या निवडीतले खरे शहाणपण होते. विलायतेत कर्नल पीटर हॉकर यांचे तरुण शिकाऱ्यांना उपदेश करणारे पुस्तक १८१४ साली निघाले. यावरून हा विचार तिकडे किती जुना आहे ते ध्यानात येईल.

आणखी एक धोका सांगतो. घरात बापाची बारा बोर आणि पोराची वीस बोर अशा दोन बंदुका असल्या, की काडतुसे मिसळण्याची भीती. वीस बोरचे काडतूस चुकून बारा बोरच्या बंदुकीत घातले, तर ते मागे टेकून राहत नाही. नळीत पुढे सरकून मध्येच अडकते. घालणाऱ्याला वाटते बंदूक रिकामीच आहे. तो मागून बारा बोरचे काडतूस घालतो आणि चाप ओढतो. मग नळी फुटते, आणि ती फुटते ती नेमकी डाव्या हाताच्या वर. अशा अपघातांमुळेच वीस बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला. रंग पाहूनच माणसाने सावध व्हावे, हा हेतू.

हे झाले जगाचे शहाणपण. आता आपल्या जिल्ह्यात येऊ.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. १८६४ साली वऱ्हाडाच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा पाडण्यात आला आणि पुढे तो वणीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९०५ साली त्यात फेरफार होऊन यवतमाळ जिल्हा झाला. पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या मधला हा मुलूख. काळ्या जमिनीत कापूस, तूर, ज्वारी. आणि वावराच्या धुऱ्याला लागूनच सागाचे जंगल. जंगल इतके जवळ असल्यावर जनावर पिकात येणारच. रानडुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारीचे वावर लोळवून टाकतो. रोही तुरीचे शेंडे खातो. हरणे कोवळे कपाशीचे झाड ठेवीत नाहीत. म्हणून माळा बांधायचा, शेकोटी पेटवायची, टिनाचा डबा बडवायचा, गोफण फिरवायची, आणि रात्रभर जागल करायची. इथल्या पोराची पहिली शिकवण याच माळ्यावर होत असे.

बंदूक हे या सगळ्यानंतरचे साधन. गोंड-कोलामांच्या वस्त्यांत धनुष्यबाण होता, पारध्यांच्या हाती फासे होते. त्यांची पोरे बंदुकीवाचून रान शिकत. पाऊलखूण, वाऱ्याची दिशा, जनावराची पाण्यावर येण्याची वेळ या गोष्टी आधी आणि हत्यार मागाहून, असा तो क्रम होता. हत्यार कमी जोराचे असले की जनावराच्या जवळ जावे लागते, आणि जवळ जायचे तर ते नीट ओळखावे लागते. बारीक बोर निवडणाऱ्या विलायती बापाला जे शिकवायचे होते, त्यातले बरेचसे इथे फाशाने आणि बाणाने शिकविले जात होते.

मग आला १८७८ चा हत्यारांचा कायदा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत तो झाला. १८५७ चा उठाव होऊन पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, आणि सरकारच्या मनातला संशय ताजा होता. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियन लोकांना मात्र त्यातून सूट मिळाली. विलायती साहेबाचे पोर वीस बोरची दुनळी घेऊन तितरे मारीत फिरे, आणि ज्याच्या वावरात डुकरे लोळत त्या कास्तकाराने अर्ज घेऊन कचेरीत खेटे घालायचे. हा अपमान देशाच्या मनात राहिला. महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाचा कर आणि शेतसारा यांच्याबरोबर स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने लोकांच्या देखरेखीखाली मिळावेत, हीही एक मागणी होती. अहिंसेचा पुरस्कर्ता अशी मागणी करतो, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण तिथे प्रश्न बंदुकीच्या हौसेचा नव्हता. सरकार आपल्या प्रजेवर विश्वास ठेवते की नाही, हा होता.

त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याने जंगलाच्या हक्काची लढाई लढली. वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह झाला. राखीव रानात परवान्याशिवाय गवत कापायचे, हे त्याचे स्वरूप. हत्यार एकच, विळा! गवताचा प्रश्न आणि बंदुकीचा प्रश्न वेगळे असले, तरी दोघांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. रान ज्याच्या दाराशी आहे त्याने रानातून काय घ्यावे आणि रानापासून आपले कसे राखावे, हे कचेरीतला साहेब ठरवीत होता.

परवाना मिळाला तरी बंदूक कोणती मिळे? बहुतेक कास्तकाराच्या वाट्याला ठासणीची बंदूक येई. तिला काडतूस नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचे. मागच्या निपलावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एका बाराला मिनिट सहज लागते. या बंदुकीत बोराचा हिशेब फारसा कोणी करीत नसे. नळी ज्या मापाची मिळाली ती आपली. छर्रे कमी ठासले की धक्का कमी, जास्त ठासले की जास्त. म्हणजे माप नळीपेक्षा ठासणाऱ्याच्या हातात होते, आणि शिकाऊ हातात हीच गोष्ट घातक ठरे. आधीचा बार उडाला की नाही हे अंधारात कळले नाही आणि दुसरा वर ठासला, तर नळी फुटण्याचे भय. पावसाळी रात्री दारू दमट झाली, तर बार उशिरा उडण्याचे भय. डोळे आणि बोटे या बंदुकीला पहिल्यांदा बळी पडत.

स्वातंत्र्य आल्यावर जुना कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. तो १९६२ पासून अमलात आहे. त्याचे १३ वे कलम वाचण्यासारखे आहे. स्वसंरक्षण किंवा खेळ यांसाठी निदान २० इंच नळीची साधी, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, अशी त्यात मांडणी आहे. ठासणीची बंदूक पुरणार नाही असे अधिकाऱ्याला पटले, तरच शेतकऱ्याला दुसरी साधी बंदूक देता येते. पाहा, मंडळी! हौशी माणसाला काडतुसाची बंदूक आणि पीक राखणाऱ्याला आधी ठासणीची. बोर निवडण्याचा प्रश्न शेतकऱ्यापर्यंत पोचण्याआधीच कायद्याने तो अर्धा सोडवून टाकला होता.

उरलेला अर्धा बाजाराने सोडविला. मुंगेरच्या कारखान्यांतून बंदुका निघत त्या मुख्यतः बारा बोरच्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून काडतुसे येत तीही बारा बोरची. सोळा आणि वीस बोरची काडतुसे जिल्ह्याच्या गावी मिळणे मुश्कील, आणि मिळाली तर महाग. मग ज्या घरात एकच बंदूक, एकच परवाना आणि मोजकी काडतुसे, तिथे पोरासाठी वेगळा बोर कोण घेणार? पोर बापाच्या बारा बोरवरच शिकायचे. दस्ता लांब, भार जास्त, धक्का जबर. पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला, की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि अंग आखडते. ही खोड एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. डोळे मिटून झाडलेली बंदूक डुकराला लागेल, की पलीकडच्या माळ्यावरच्या माणसाला, ते कोणी सांगावे?

याच्या उलट, कमी जोराच्या हत्याराने शिकलेली दोन पोरे पुढे जगाच्या कामाला आली. नैनितालचे जिम कॉर्बेट यांना लहानपणी मिळाली ती एक मोडकी दुनळी, ठासणीची. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला. एकच बार हाती असल्यामुळे तो वाया घालवायचा नाही, हे ते रानात शिकले. पुढे त्यांनी नरभक्षक वाघ मारले आणि अखेर वाघ वाचवा असे सांगू लागले. दुसरे आपल्या मुंबईचे सलीम अली. १९०८ साली एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे त्यांना भुसा भरून ठेवलेल्या पाखरांची कपाटे उघडून दाखविण्यात आली. त्या एका छर्ऱ्याने हिंदुस्थानला त्याचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ दिला. पाडलेले पाखरू पिशवीत न टाकता त्याचे नाव विचारावेसे वाटले, ही त्यातली शिकण्याची गोष्ट.

इकडे रान मात्र आटत चालले होते. ठरावीक मुदतीचे शिकारीचे परवाने निघत, मोटारी आल्या, रात्री दिव्याच्या झोतात जनावर मारण्याची वाईट चाल पडली. म्हणून १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. सुरुवातीला त्यातही काही जातींच्या शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले आणि हौसेची शिकार संपली. बंदूक हाती धरण्याचे वयही वाढले. १९५९ च्या मूळ कायद्यात ते १६ वर्षे होते, १९८३ च्या दुरुस्तीने २१ झाले. प्रशिक्षणासाठी मात्र ठरवून दिलेल्या अटींवर लहान वयात नेमबाजी शिकता येते. आपल्या जिल्ह्यात १९९७ साली टिपेश्वर अभयारण्य जाहीर झाले, आणि आज तिथे वाघ नांदतो.

यात शेतकऱ्याचे काय झाले, हे विचारल्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. रानडुक्कर आणि रोही कायदा वाचीत नाहीत. ते आजही पिकात येतात. नुकसानभरपाईची योजना आहे, पण अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणे यात हंगाम निघून जातो, ही कास्तकाराची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. उभ्या पिकाला धोका करणाऱ्या काही जनावरांना मारण्याची परवानगी वनखाते कायद्याच्या ११ व्या कलमाखाली देऊ शकते. परवानगीवाचून बार काढणे हा गुन्हा. मग काही ठिकाणी कुंपणात विजेची तार सोडली जाते. या तारेला ना बोर, ना नेम. डुकरासाठी लावलेल्या तारेने वाघही मरतो आणि पहाटे वावरात आलेला शेजारीही मरतो. बंदूक धरणारा निदान समोर कोण आहे ते पाहतो. तार कोणालाच पाहत नाही. म्हणून तारेचा मार्ग कोणीही धरू नये, हे गावोगाव सांगितले पाहिजे.

आणि बार कोणी काढावा, हा प्रश्नही मिटलेला नाही. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या टी-१ वाघिणीशी, म्हणजे लोक जिला अवनी म्हणतात तिच्याशी, १३ माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालून मारण्यात आले. रानाकाठच्या गावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि दूरच्या शहरांत निषेध झाले. दोन्हीकडची माणसे आपलीच. गुराख्याचा जीव आणि वाघाचा जीव एकाच तागडीत कसे तोलायचे, याचे उत्तर बोरासारखे पौंडाला अमुक गोळ्या असे देता येत नाही.

मग चौदा वर्षांच्या पोराला आज कोणता बोर? याचे सरळ उत्तर आहे. साडेचार मिलिमीटरचा! नेमबाजीच्या एअर रायफलचे हे माप. तिचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, धक्का जवळजवळ नाहीच, आणि समोर कागदाचे लक्ष्य. शिकायचे ते उस्तादाच्या नजरेखाली, बंदिस्त जागेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. खेड्यातले पोरही या वाटेने कुठवर जाते, ते त्यांनी दाखवून दिले.

कास्तकाराला यात नवीन असे काही नाही. नवा गोऱ्हा वळवताना आपण त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी हलके काम, शेजारी जुना जाणता बैल, आणि मान तयार झाली की मग भार. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक पोरांना मात्र बापाची जड बंदूक एकदम पेलावी लागली, कारण निवडण्याची मुभाच नव्हती.

शिक्षकांना एक विनंती आहे. बोराचे गणित मुलांकडून करून घ्या. मग त्यांना घरी पाठवा आणि आजोबांना विचारायला सांगा: आपल्या गावात परवान्याची बंदूक कोणाकडे होती? ठासणीची की काडतुसाची? परवाना कोणत्या कारणासाठी मिळाला होता? त्या साली वावरात कोणती जनावरे येत आणि आज कोणती येतात? मुलांनी ही उत्तरे वहीत उतरून ठेवावीत. यवतमाळच्या शेताचा आणि रानाचा हा इतिहास फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही, आणि तो सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.